पद्माबाईचा शिसवी दस्ता

देवला राठोडानं मोटरसायकलवरून बारदानात गुंडाळलेलं लांबट गाठोडं उतरवलं, तेव्हा पद्माबाईला वाटलं, उसाची मोळी आणली असावी. वारंगा फाट्यावरच्या त्यांच्या शेडला देवला कधी रिकाम्या हातानं येत नसे. कधी तुरीच्या शेंगा, कधी काकड्या, एकदा तर पाय बांधलेला जिवंत कोंबडा. पण या वेळी त्यानं गाठोडं बाजेवर ठेवलं, सुतळी सोडली आणि बारदान उलगडलं, तशी ती झटक्यात मागं सरली.

"अगं आई! ही तर बंदूक हाय!"

"होती वहिनी," देवला म्हणाला. "आता नुसता सांगाडा हाय."

खरंच सांगाडाच होता तो. लांब लोखंडी नळी गंजानं खरबरीत झालेली. मागचा लाकडी दस्ता वाळवीनं असा पोखरलेला की बोट लावलं तरी भुगा पडावा, त्याचं मागचं टोक तर कधीच झडून गेलेलं. बार काढताना अंगठ्यानं मागं ओढायचा घोडा अर्ध्यातून मोडलेला. नळीच्या तोंडातून दारू भरून ती गजानं ठासायची आणि मग बार काढायचा, अशी ती जुन्या काळची ठासणीची बंदूक. पण तो गज कुठं गेला याचा पत्ता नव्हता. नळी लाकडाला धरून ठेवणाऱ्या पितळी पट्ट्या दोन असायच्या, त्यातली एकच उरली होती.

"घरात असली वस्तू नको," पद्माबाई म्हणाली. "पोलिसांची भानगड कोन निस्तरणार?"

देवलानं खिशातून शिक्क्याचा कागद काढला. देवलाचा पणजा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचा, त्या तांड्याच्या राखणीची ही बंदूक. पुढं तांडा एका जागी बसला, शेती आली आणि देवलाच्या बापानं ती रानडुकरं हाकायला वापरली. बाप गेल्यावर ती माळ्यावर पडली. यंदा देवलानं नांदेडच्या परवाना असलेल्या बंदूकवाल्याकडून नळी कायमची बुजवून घेतली होती, ठाण्यात तशी नोंदही केली होती.

"आता ही उडत न्हाई आन उडणार बी न्हाई," तो म्हणाला. "पर दिसाया तरी पहिल्यासारखी दिसू दे. आमची बाई आली हाय ना माहेरी."

बाई म्हणजे त्याची थोरली बहीण शकुंतलाबाई. कनेरगाव नाक्याकडच्या तांड्यावर दिलेली. नवरा गेला, मागून दोन्ही डोळे गेले, तेव्हा देवला स्वतः जाऊन तिला कायमची घेऊन आला होता.

"गाडीतून उतरली की पहिलं इचारलं, बाची बंदूक कुठं हाय? म्या म्हनलं, हाय की माळ्यावर. तर म्हनती, आन, हातात दे. आता हा भुगा कसा देऊ तिच्या हातात?"

तिचा नवरा भिवाजी पाईकराव इतका वेळ खुर्चीत बसून नुसता ऐकत होता. तो उठला, बाजेपाशी आला आणि डावा हात नळीवरून सावकाश फिरवू लागला.

"इकडं बघ पद्मा," तो म्हणाला. "बारीक बारीक घाव लागत्यात बोटाला. कुन्या लोहारानं ठोकून ठोकून वळवली हाय ही."

पद्माबाईनं नळीकडं बघितलंच नाही. तिनं बघितलं ते नवऱ्याच्या तोंडाकडं, आणि मग त्याच्या उजव्या हाताकडं. तो हात त्यानं पायजम्याच्या खिशात घालून ठेवला होता.

भिवाजी डोंगरकडा गावाजवळच्या साखर कारखान्यात फिटर होता. देवलाची आणि त्याची ओळखही तिथलीच. देवला गळीत हंगामात उसाची बैलगाडी घेऊन यायचा. पहिल्याच वर्षी भर रांगेत त्याच्या गाडीचा आख मोडला आणि मागची माणसं शिव्या घालू लागली, तेव्हा भिवाजीनं आपली जेवणाची सुट्टी त्या आखावर घालवली. त्या दिवशी देवलानं त्याला आपल्या फडक्यातली भाकर खाऊ घातली आणि तिथून पुढं दोघं एकमेकांच्या घरचे झाले. रिटायर झाल्यावर भिवाजीनं फाट्यावर घराशेजारी पत्र्याचं शेड टाकलं. नांगराचे फाळ, पंपाचे भाग, ट्रॉलीचे हूक, कुणी काही आणो, ते नीट होऊन जायचं. मग गेल्या वर्षापासून उजवा हात कापायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की हे कमी-जास्त होत राहील. तेव्हापासून भिवाजी रोज शेड उघडायचा, झाडून घ्यायचा आणि खुर्चीत बसून हायवेवरचे ट्रक बघायचा. आलेल्या माणसाला म्हणायचा, "सध्या काम बंद हाय, पुढच्या चौकात जा."

"ठेव ती हितं," आज तो देवलाला म्हणाला. "करतो."

देवला गेल्यावर पद्माबाईनं भांडी आपटली. "हात धड न्हाई आन काहून हो म्हनलं? जग हसंल!"

"नळी घासायला काय लागतं? घासतो हळूहळू."

नळीचं काम खरंच जमलं. रॉकेलमध्ये भिजवायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा भिजवायची. त्यात हात कापला तरी बिघडत नव्हतं. भिवाजी नांदेडच्या त्या बंदूकवाल्याला फोन लावून लावून विचारायचा आणि तो भला माणूसही न कंटाळता सांगायचा. चकचकीत करू नका, तो म्हणाला, त्या काळची नळी पॉलिश केलेल्या स्टीलसारखी नसते. मिठाचं पाणी लावून ओल्या पोत्याखाली ठेवा, वर आलेला लाल गंज पुसा, पुन्हा पाणी लावा. असं करत करत लोखंड तपकिरी रंग धरतं. मग उकळतं पाणी ओतून गंज थांबवायचा आणि वरून मेण चोळायचं. भिवाजीनं तसंच केलं आणि नळीला चिकूच्या सालीसारखा रंग चढला. तो रंग बघायला त्यानं शेजारच्या टायरवाल्यालाही हाक मारून आणलं.

अडलं ते घोड्यापाशी. जुना अर्धा घोडा समोर ठेवून त्यानं लोखंडाचा एक जाड तुकडा तसाच कापायला घेतला. ग्राइंडर लावायचा नाही, हा त्याचा हट्ट. मशीनचा दात दिसतो म्हणायचा. कानशीनं घासायचा. एक दिवस पद्माबाई चहा घेऊन शेडमध्ये गेली तर तो पाठमोरा उभा राहून बादलीत हात धूत होता. धूतच राहिला. शिकंज्यात धरलेल्या घोड्यावर कानस घसरून आडवातिडवा ओरखडा उठला होता. तिनं तो बघितला आणि चहा ठेवून ती परत फिरली.

पुढचे काही दिवस शिकंज्याला कुणी हात लावला नाही. "उद्या बघू," भिवाजी म्हणायचा आणि ट्रक बघत बसायचा.

पद्माबाईचं सगळं आयुष्य हळदीत गेलं होतं. हंगामात उकडून वाळलेल्या हळकुंडांचे ढीग पडायचे आणि ती बायांच्या रांगेत बसून विळीनं मुळ्या खुडायची, गड्डे वेगळे करायची, घासायची. चौथीतून शाळा सुटली ती तिथंच येऊन बसली. प्रमोद आणि राणी, दोन्ही लेकरं हळदीच्या पोत्यावर झोपून मोठी झाली. पोळ्यापर्यंत तिच्या तळहाताचा पिवळा रंग जायचा नाही. आता गुडघे दुखायला लागले म्हणून तिनं ते काम सोडलं होतं, पण हात अजून तसेच होते, आखूड बोटांचे, घट्ट.

एका सकाळी ती शेडमध्ये आली, पदर खोचला आणि शिकंज्यासमोर स्टूल ओढून बसली.

"सांगा कसं धरायचं ते."

भिवाजीनं तिच्याकडं बघितलं. "हे हळद खुडनं न्हाई."

"कुठं म्हनलं म्या?"

तो उठून मागं येऊन उभा राहिला. "मूठ हितं. दुसरा हात टोकाला. पुढं जाताना दाब, मागं येताना उचल. उचल म्हनलं ना! खरडती काहून?"

"खरडत न्हाई, शिकून राहिले."

"असं शिकशील तर लोखंडाचा भुगा होईल."

"मग तुमी बोलू नका. तुमच्या बोलन्यानंच हात घसरतो."

असं रोज चालायचं. फाट्यावर चहाला थांबणाऱ्या ड्रायव्हरांना वाटायचं, नवरा-बायकोचं भांडण जुंपलंय. त्या भांडणातून घोडा आकाराला आला. मान बाकदार, डोकं जरा पुढं झुकलेलं, अंगठा बसायला खोलगट जागा. भिवाजीनं तो उन्हाकडं धरून उलटासुलटा केला. त्याचा हात कापत होता म्हणून घोड्यावरचं ऊन थरथरत होतं.

"बराबर हाय," एवढंच तो म्हणाला. पद्माबाईला चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं इतकं कौतुक कधी ऐकवलं नव्हतं. ती उगाच चूल पेटवायला निघून गेली.

दस्त्यासाठी भिवाजीनं फाट्यावरच्या भंगारवाल्याकडून शिसवाची एक तुळई शोधून काढली. कुणाचं तरी जुनं घर पाडलं होतं, त्यातली. शिसव मुरलेलं होतं, जड, आतून जांभळट काळं. प्रमोद परभणीला बँकेत आहे; त्यानं मोबाइलवर जुन्या बंदुकांचे फोटो पाठवले. त्यातला एक भिवाजीला आवडला. लांब, डौलदार, मागं हंसाच्या मानेसारखा वळलेला दस्ता. पद्माबाईनं तो कोळशानं तुळईवर काढला आणि कामाला लागली.

लाकूड तिच्या हाताला लोखंडापेक्षा लवकर कळलं. पटाशी कुठं रुतते, कुठं सरकते, हे भिवाजीच्या आधी तिला समजायला लागलं. शेवटी शेवटी ती फुटक्या काचेच्या तुकड्यानं लाकूड खरवडायची, आणि कागदासारखे पातळ छिलके तिच्या मांडीवर पडायचे. भिवाजी म्हणाला, घासकागद घे, लवकर होईल. तिनं मान हलवली. "जास्त घासलं की हळदीचं अंग जातं. लाकडाचं बी तसंच दिसतं."

मग जवसाचं तेल. थेंबभर घ्यायचं आणि तळहातानं इतकं चोळायचं की लाकूड गरम झालं पाहिजे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दस्त्याच्या अगदी मागच्या टोकाला शिसवातली एक काळी रेघ वळून डोळ्यासारखी झाली होती. तेल लागलं तसा तो डोळा उघडत गेला. पद्माबाई इतर कामं टाकून त्या डोळ्याशी बसायची. हरवलेली पितळी पट्टी फुटक्या तांब्यातून कापून, ठोकून बसवली आणि चिंचेनं घासून मग मुद्दाम चार दिवस धुराला टांगली, म्हणजे जुन्या पट्टीशेजारी ती नवी दिसू नये. गज बाभळीचा केला. सगळं जोडून बंदूक बाजेवर ठेवली, तेव्हा भिवाजीनं टायरवाल्याला पुन्हा हाक मारली.

दोघं ऑटोनं तांड्यावर गेले. बंदूक स्वच्छ धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, देवलाचा शिक्क्याचा कागद सोबत. देवलाच्या अंगणात लिंबाखाली बाज टाकली होती आणि तिच्यावर शकुंतलाबाई बसली होती. मूठभर म्हातारी, कोपरापर्यंत गोंदलेले हात, पापण्या मिटलेल्या. तांड्यातल्या बाया, लेकरं, म्हातारे, सगळे गोळा झाले होते.

देवलानं बंदूक बहिणीच्या मांडीवर ठेवली. तिची बोटं नळीच्या तोंडापासून निघाली. घावांवरून सरकली. पट्टीवर थांबली, पुढं गेली. घोड्याच्या खोलगट जागेत तिनं अंगठा ठेवला आणि हसली. "हां. असाच होता."

भिवाजीनं पद्माबाईकडं बघितलं.

"तेलाचा वास बी तोच," म्हातारी म्हणाली. मग तिनं कुणाला काही कळायच्या आत बंदूक उचलली आणि खांद्याला लावायला गेली. दस्ता तिच्या काखेबाहेर गेला. तिनं पुन्हा लावून बघितली. बोट चापापर्यंत पोचेना. तिनं बंदूक हळूच मांडीवर ठेवली.

"ही बाची न्हाई," ती म्हणाली.



"अशी कशी न्हाई बाई?" देवला पुढं झाला. "नळी तीच हाय, पट्टी तीच हाय..."

"नळी तीच हाय. दस्ता लांब हाय. बानं कापला होता तो."

"कवा? काहून?"

"माझ्यासाठी."

आणि मग तिनं सांगितलं. त्या वर्षी बापाला खोकल्यानं धरलं होतं. शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढला की धाप लागायची, आणि खाली जोंधळा भरात आलेला. डुकरं एका रात्रीत शेत लोळवायची. पोरगा असता हाताशी तर गोष्ट वेगळी, पण देवला तेव्हा इवलासा होता. शकुंतला बारा-तेरा वर्षांची. बापानं तिला माळ्यावर चढवलं, बंदूक हातात दिली. बंदूक तिच्यापेक्षा लांब. तेव्हा त्यानं आरी आणली आणि पणज्याच्या त्या बंदुकीचा दस्ता मागून कापून टाकला. कापलेल्या टोकाला विहिरीवरच्या जुन्या मोटेचं चामडं ठोकलं, पोरीच्या खांद्याला लागू नये म्हणून. तांड्यातली माणसं हळहळली, एवढी जुनी चीज पोरीसाठी तोडली म्हणून. बाप म्हणाला, ज्याच्या हातात हाय त्याच्या मापाची पायजे.

"नुसती दारू ठासून बार काढायचे मी. डुक्कर मारायचं न्हाई, हाकायचं. दोन सुगी राखल्या. मग लगीन झालं."

"पर बाई, माळ्यावर मी बी होतो की," देवला म्हणाला. "मला चांगलं आठवतं."

"व्हतास ना. वाकळेत. बार निघाला की कानात बोटं घालून वाकळ ओली करायचास."

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. देवला कानकोंडा होऊन म्हणाला, "बाई, पावनी बसलीत."

पद्माबाई हसली नाही. तिचे कान तापले होते. तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, की दस्ता मागून कापायचा म्हणजे तो डोळा जाणार. इतके दिवस तळहात भाजेपर्यंत तेल चोळलं होतं ते त्याच टोकाला. भिवाजीनं उजवा हात पुन्हा खिशात घातला होता आणि तो मातीकडं बघत होता. त्याला वाटत होतं, चूक त्याची. फोटो त्यानं निवडला होता.

शकुंतलाबाईला दिसत नव्हतं तरी अंगणातली शांतता तिला कळली असावी. "राहू दे पोरी," ती म्हणाली. "देखणी झाली हाय. भिंतीला लावा. मला काय, मी हात फिरवीन."

पद्माबाई उठली. तिनं बंदूक उचलून पुन्हा म्हातारीच्या हातात दिली.

"भिंतीला लावायला केली न्हाई आक्का. लावा खांद्याला. चापावर बोट ठेवा, मंग मला सांगा कुठं अडतं ते."

"पर तवा बाई लेकरू व्हती," देवला म्हणाला. "आता माप कसं मिळंल?"

"मिळंल की," शकुंतलाबाई म्हणाली. "म्हातारपनी वाळून पुन्यांदा तेवढीच झाले मी."

पद्माबाईनं तिचं कोपर धरलं, खांदा सरळ केला, बोट चापावर नेऊन ठेवलं. दस्ता जिथं खांद्याला भिडायला हवा तिथं तिनं नखानं खूण केली आणि चुलीतला कोळसा मागून तीच खूण ठळक केली. खूण डोळ्याच्या बरीच अलीकडं पडली होती.

घरी आल्यावर भिवाजी म्हणाला, "तुळईचा तुकडा उरला हाय. त्याचा दुसरा आखूड दस्ता करू. हा राहू दे तसाच. तुझ्या हातचा पहिला हाय."

संध्याकाळी पद्माबाईनं भाकरी केल्या, वाढल्या, ताटं घासली. त्या दस्त्यावरून हात फिरवायला म्हणून एकदा शेडमध्ये गेली आणि लगेच परत आली. सकाळी तिनं आरी काढली.

"दुसरा केला तर तो दुसराच होईल," ती म्हणाली. "हिच्या बानं असलेला कापला. त्याला बी वाईट वाटलंच असंल. आपन बी असलेलाच कापू."

लाकूड शिकंज्यात नीट बसेना म्हणून भिवाजी दस्त्याच्या पुढच्या भागावर दोन्हीकडं पाय टाकून बसला आणि दोन्ही हातांनी त्यानं तो दाबून धरला. पद्माबाईनं आरी लावली. लाकूड हलायला लागलं.

"हलू नका!"

"मी न्हाई हलून राहिलो. हात हलतो."

तिनं आरी थांबवली. त्याच्याकडं बघितलं. गेल्या वर्षभरात त्या हाताबद्दल त्यानं स्वतःहून एक शब्दसुद्धा काढला नव्हता. तिला हसू फुटलं. मग त्यालाही. दोघं म्हातारी माणसं एका लाकडापाशी अशी हसली की टायरवाला न बोलावता बघायला आला.

"मंग हलू द्या," डोळे पुसत ती म्हणाली. "मी तुमच्या हलन्यासंगं कापते."

आणि तिनं तसंच कापलं, त्याच्या थरथरीचा अंदाज घेत, सावकाश. डोळ्याचा तुकडा खाली पडला तेव्हा तिनं तो बघितला नाही. भिवाजीनं उचलून बाजूला ठेवला. नंतर तिनंच तो कढई उतरवायच्या सांडशीजवळ, फळीवर ठेवलेला त्याला दिसला. तिथं तो अजूनही आहे, कधी कधी ती त्या तुकड्यानं लसूण ठेचते.

मोटेच्या चामड्याचं काम राहिलं होतं. मोटा जाऊन किती वर्षं झाली, चामडं कुठून आणायचं? भिवाजी फाट्यावरच्या चांभाराकडं गेला, त्यानं कळमनुरीच्या आपल्या मामाचं नाव सांगितलं, आणि त्या मामाच्या घरी एका जुन्या मोटेचा तळ धान्याच्या कणगीखाली ओल लागू नये म्हणून अंथरलेला निघाला. त्यानं कोपरा कापून दिला. चामडं लाकडासारखं कडक झालं होतं. पद्माबाईनं ते पाण्यात, मग तेलात भिजवून मऊ केलं आणि घरच्या घरी ठोकून घडवलेल्या बारीक खिळ्यांनी बसवलं. बाजारचे गोल डोक्याचे खिळे तिनंच परत पाठवले. भिवाजी बघत राहिला. तो हट्ट मुळात त्याचा होता.

दुसऱ्यांदा तांड्यावर गेले तेव्हा कुणी गोळा झालं नव्हतं. शकुंतलाबाई एकटीच लिंबाखाली तूर निवडत होती, बोटांनी. देवला गोठ्यात होता. पद्माबाईनं सूप बाजूला सारलं आणि बंदूक तिच्या हातात दिली. म्हातारीनं पुढून काही चाचपलं नाही. थेट मागच्या टोकाला हात नेला, चामड्यावर तळवा ठेवला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग ताठ बसली आणि बंदूक खांद्याला लावली. दस्ता खांद्यात जाऊन बसला. बोट चापावर आलं.

मिटल्या डोळ्यांनी तिनं शेताच्या दिशेला नेम धरला, तोंड उघडलं आणि सगळ्या ताकदीनं ओरडली, "ठाँय!"

शेळ्या उधळल्या. गोठ्यातून देवला धावत बाहेर आला, हातात वैरणीची पेंढी तशीच. बहिणीला बघून तो जागच्या जागी उभा राहिला. मग तिच्या पायाशी येऊन खाली बसला आणि म्हणाला, "बाई, गेली का डुकरं?"

"गेली," ती म्हणाली. बंदूक तिनं खाली ठेवली नाही. ती पद्माबाईकडं वळली, बांगड्यांच्या आवाजाच्या अंदाजानं, आणि तिचा तळहात ओढून घेऊन त्यावरून अंगठा फिरवत राहिली, जणू तेही एखादं लाकूड आहे. "तुझ्या हाताला तेलाचा वास येतो," ती म्हणाली. "माझ्या बाच्या हाताला यायचा." पद्माबाईनं हात तसाच राहू दिला.

त्या दिवशी देवलानं त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. बंदूक भिंतीवर गेलीच नाही. दिवसा ती शकुंतलाबाईच्या मांडीवर असते, रात्री बाजेखाली. तांड्यातल्या पोरी येऊन तिच्याकडून माळ्यावरच्या गोष्टी ऐकतात, आणि देवला वाकळेच्या गोष्टीपाशी उठून जातो.

भिवाजीचा हात पुढं आणखी कापायला लागला. आता चहा तो बशीत घेत नाही, स्टीलच्या पेल्यात अर्धाच घेतो. पण खिशात हात घालून बसायचं त्यानं सोडलं. शेडमध्ये आता दोघांच्या बैठका आहेत, त्याची खुर्ची आणि पद्माबाईचं स्टूल. नांगराचे फाळ वगैरे परत यायला लागले, आणि अधूनमधून जुन्या वस्तूही. ट्रॉलीचा हूक आणणारा माणूस भिवाजीला विचारतो, "मिस्तरी, कवा मिळंल?" आणि भिवाजी बायकोकडं बोट दाखवून म्हणतो, "मिस्तरी त्या हायत. मी बोलायला हाय."

परवा धर्मसिंग नावाचा एक माणूस दुसऱ्या एका तांड्यावरून नगारा घेऊन आला. लाकडी पिंप तडकलेलं, वादी सुटलेली. सणाला वाजवायचा होता. भिवाजीनं पिंप फिरवून बघितलं, तड कुठवर गेली ते बोटानं दाखवलं, कसा जोड द्यायचा ते सांगायला लागला. पद्माबाईनं हातातली पटाशी खाली ठेवली.

"भाऊ, हा कोन वाजवत होतं?"

"आमचे काका. आता लई थकलेत. घरीच असत्यात."

"मंग आज नगारा घेऊन जा," ती म्हणाली. "उद्या काकाला घेऊन या. नगारा आन काका, दोघास्नी बी."